आमची स्वस्त भूतदया

गेल्या मार्गशीर्षांत अमेरिकेंतील माझ्या पुतण्यानें आमच्या गिरगांवच्या घरीं एक छायाचित्र धाडलें. अलीकडे छायाचित्रें टपालानें येत नाहींत, हातांतल्या फोनवर येतात. त्यामुळें माईंना चष्मा शोधून देण्यास जेवढा वेळ लागला तेवढाच आमच्या घराच्या शांततेचा अखेरचा काळ ठरला. छायाचित्रांत आरिझोना प्रांताच्या दक्षिण टोकाकडील उघडे, खडकाळ डोंगर होते. माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचे निवडुंगाचे खांब होते. आणि त्यांच्यापुढें पुतण्या, त्याची पत्नी व अकरा वर्षांचा मुलगा असे तिघे गुडघे टेकून बसले होते. मुलाच्या हातांत एका मेलेल्या हरणाचीं शिंगें होतीं.

छायाचित्रामागून पत्र आलें. पत्रांतील हकीकत अशी : किती हरणें मारूं द्यावयाचीं हें तेथील सरकार दरसाल ठरवितें आणि परवान्यांची सोडत काढतें. यंदा परवाना मुलाच्या नांवें निघाला. त्याआधीं त्यानें शिकारीचे नियम शिकून प्रमाणपत्र मिळविलें होतें. चौदा वर्षांखालील मुलास त्याशिवाय तेथें मोठ्या जनावराची शिकार करतां येत नाहीं. तिघांनीं दोन दिवस दुर्बिणी लावून डोंगर न्याहाळले आणि रिकाम्या हातांनीं ते तंबूंत परतले. तिसऱ्या दिवशीं दुपारीं मुलानें एका गोळींत हरिण पाडलें, जवळ जाऊन पाहिलें, आणि तो रडूं लागला. बापानें त्याला रडूं दिलें. मग तिघांनीं मांस पाठीवर वाहून काळोख पडतां पडतां खालीं आणलें. ‘उन्हाळ्यापर्यंत पुरेल,’ असें सूनबाईनें लिहिलें होतें. तें विकतां मात्र येणार नाहीं, कारण रानांत मारलेल्या हरणाचें मांस विकण्यास तेथें बंदी आहे.

याच मुलाची मुंज येत्या वैशाखांत गिरगांवच्या घरीं करावयाचें ठरलें होतें. दादरास राहणारे माझे थोरले बंधु, म्हणजे मुलाचे सख्खे आजोबा, पत्र वाचून दुसऱ्याच दिवशीं आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, “हरणावर गोळी झाडणाऱ्या पोराची मुंज या वास्तूंत होणार नाहीं.” माईंनीं डोळ्यांना पदर लावला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनीं ‘तिकडची माती’ असा एका शब्दांत निकाल दिला. परळच्या आमच्या आत्यांनीं तर फोनवरूनच ‘राक्षसीपणा’ हा शब्द उच्चारला. घरांत मतभेद असा उरलाच नाहीं. उरलों तो मी एकटा. तेव्हां जें घरांत कोणीं ऐकून घेतलें नाहीं तें येथें मांडतों, कारण आमचें घर कांहीं जगावेगळें नाहीं. गिरगांव, दादर, परळ, लालबाग येथल्या कोणत्याही चार सुशिक्षित घरांत हें छायाचित्र नेलें असतें तरी निवाडा हाच झाला असता.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून टाकतों. मी शिकारीचा वकील नव्हे. माझ्या हातीं ती बंदूक दिली असती तर मीं ती खालीं ठेवली असती, आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या हातीं ती देण्याचें धैर्य तर मला मुळींच झालें नसतें. माझें भांडण आमच्या निवाड्याशीं आहे. ज्या दयेसाठीं आम्हीं आजवर एक पैसा, एक दिवस किंवा एक घास खर्चिला नाहीं, त्या दयेच्या बळावर दुसऱ्यास राक्षस ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या घरीं मासे-मटण वर्ज्य नाहीं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे वार जेवढ्या निष्ठेनें पाळले जातात तेवढी एकादशीही पाळली जात नाहीं. ज्या रविवारीं दादा हा निर्णय सांगण्यास आले त्या रविवारींही स्वयंपाकघरांत मटण शिजत होतें, आणि निर्णय सांगून झाल्यावर तें त्यांनीं दोनदां वाढून घेतलें. मुंबईचा कत्तलखाना पूर्वीं वांद्र्यास होता, १९७१ सालीं तो देवनारास गेला. पण तो कोठेंही असो, गिरगांवच्या पानांत पडणारा बोकड कसा जगला, किती कोसांवरून आला, शेवटच्या दिवशीं त्याला पाणी मिळालें कीं नाहीं, हें आमच्यापैकीं एकानेंही कधीं विचारलेलें नाहीं. आरिझोनाचा तो मुलगा आपण खाणार असलेल्या प्राण्याच्या डोळ्यांत पाहून रडला. आम्ही ज्याला खातों त्याच्यासाठीं आमच्या घरांत आजवर कोण रडलें? शाकाहारी वाचक येथें मनांतल्या मनांत सुखावले असतील. त्यांना विनंति एवढीच, कीं त्यांनीं अजून दोन पानें धीर धरावा.

बरें, बोकडाची गोष्ट वेगळी आणि हरणाची वेगळी, असें मास्तरांचें म्हणणें पडलें. मग हरणाचीच गोष्ट घेऊं. आमच्या आजीच्या औषधाच्या डब्यांत सांबरशिंगाचा तुकडा होता. छातींत कफ झाला, बरगडी धरली, कीं तो सहाणेवर उगाळून त्याचा गरम लेप घातला जाई. आजोबांचें संध्येचें आसन मृगाजिनाचें होतें. आणि मुंजीची जी यादी भटजींनीं याच रविवारीं आणून दिली, तींत पळी-पंचपात्री, दंड, मुंजमेखला यांच्या ओळींत ‘मृगाजिन, लहान तुकडा’ असें स्वच्छ अक्षरांत लिहिलेलें होतें. काळविटाच्या कातड्याची खरेदीविक्री कायद्यानें केव्हांच बंद झाली; कित्येक घरीं हा तुकडा आतां वगळतात. आमच्या घरीं तो वगळीत नाहींत. आजोबांच्या आसनाचा एक तुकडा लांकडी पेटींत जपून ठेवलेला आहे, आणि तीन पिढ्यांच्या बटूंच्या जानव्यांना तोच अडकविला गेला आहे. माझ्याही, आणि दादांच्याही. तेव्हां आमच्या घरांत कोणीं बंदूक धरली नाहीं हें खरें. पण आमच्या घरासाठीं हरिण मारलें गेलें नाहीं, हें मात्र खरें नव्हे. मारणारा पारधी होता, फासेपारधी होता. पाप त्याच्या पदरीं, पावित्र्य आमच्या गळ्यांत.

मास्तरांनीं मग शास्त्राचा आधार काढला. मनूनें राजाचीं जीं दहा कामज व्यसनें सांगितलीं त्यांत मृगयेचें नांव पहिलें आहे, हें त्यांचें म्हणणें अगदीं बरोबर. परंतु आमच्या परंपरेनें या प्रश्नाचा निकाल एका बाजूनें कधींच दिलेला नाहीं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यांत राजाच्या विनोदांमध्यें मृगयेचें सविस्तर वर्णन आहे. आमच्या बायका ज्या पंचवटीच्या ओव्या गातात तींत कांचनमृगाच्या कातड्याची चोळी हवी म्हणून हट्ट धरणारी सीताच आहे, आणि धनुष्य घेऊन निघणारा प्रत्यक्ष राम आहे. नाशिकास जाऊन त्या जागेला आम्ही हात जोडून येतों. तेथें कोणी ‘राक्षसीपणा’ हा शब्द उच्चारीत नाहीं. उलट त्या गोष्टींत राक्षस आहे तो हरणाच्या कातड्याआड.

याहूनही बोलकें उदाहरण शाकुंतलाचें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं तें संगीत करून रंगभूमीवर आणल्यापासून मराठी कुटुंबांना त्याची कथा नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. दुष्यंत हरणामागें धांवत येतो आणि एक तापस हात वर करून त्याला थांबवितो. राजानें बाण उतरविला तो कोणाच्या शब्दाखातर? ज्या आश्रमानें तीं हरणें पाळलीं होतीं त्या आश्रमाच्या. तेथील मुली झाडांना पाणी घालीत. आईवेगळ्या पाडसाला शकुंतलेनें सांव्याचे दाणे मुठीनें भरवून वाढविलें होतें. पुढें दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेची स्तुति करतो, विदूषक तिच्या नांवानें कुरकुरतो, पण त्या दोघांच्या बोलण्यानें राजाचें पाऊल थांबत नाहीं. ज्यानें दाणे घातले त्याच्या शब्दानें तें थांबलें. निषेधाला वजन येतें तें येथून.

आजच्या काळांतही हा नियम खोटा ठरलेला नाहीं. १९९८ सालीं चित्रपटाच्या कामासाठीं जोधपूरकडे गेलेल्या मुंबईच्या एका प्रख्यात नटावर काळवीट मारल्याचा खटला झाला; २०१८ सालीं तेथील न्यायालयानें त्याला पांच वर्षांची शिक्षा सांगितली व तिच्यावर त्यानें अपील केलें. खटल्याचें पुढें काय होईल तें होवो. मला महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं तक्रार केली ती बिश्नोई गांवकऱ्यांनीं. हे लोक वाळवंटांत राहतात, पाऊस त्यांना बेताचा, पीक त्याहून बेताचें. आणि त्या पिकांत हरणें चरतात तेव्हां ते त्यांना हांकलीत नाहींत. त्यांच्याच पूर्वजांपैकीं ३६३ स्त्रीपुरुषांनीं १७३० सालीं खेजडली गांवीं झाडें तोडूं न देतां प्राण दिले. या लोकांनीं शिकाऱ्याला अपराधी म्हटलें तर मी मान खालीं घालून ऐकेन. तोच शब्द दादरच्या गादीवर बसून उच्चारला गेला कीं मला त्यांतला पोकळपणा ऐकूं येतो.

आतां अमेरिकेकडे वळूं. त्या देशाच्या बंदुकीच्या वेडाचें कौतुक करावें असें त्यांत कांहीं नाहीं. त्या वेडापायीं तेथील शाळांतून मुलें मारलीं जातात, आणि हें माझ्या पुतण्यालाही मान्य आहे. परंतु हरणांपुरतें बोलावयाचें तर तेथला हिशेब आमच्यापेक्षां चोख आहे. एकोणिसाव्या शतकांत बाजारासाठीं झालेल्या कत्तलीनें तेथलीं हरणें कित्येक प्रांतांतून नाहींशीं झालीं होतीं. १९०० सालच्या लेसी कायद्यानें चोरट्या शिकारीच्या आंतरप्रांतीय व्यापाराला आळा घातला. १९३७ सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कर वन्य प्राण्यांच्या कामीं राखून ठेवला; लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर तो शेंकडा अकरा आहे. शिकाऱ्यांनींच हा भार मागून घेतला असें त्यांचे चाहते सांगतात. तें सर्वस्वीं खरें मानण्याची गरज नाहीं. तो पैसा येतो आणि त्यांतून रानें राखलीं जातात, एवढें पुरें आहे. माझ्या नातवानें झाडलेल्या त्या एका गोळीनेंही कांहीं पैसे हरणांच्या खात्यांत जमा केले. आमच्या साऱ्या घरानें मिळून त्या खात्यांत आजवर किती भर घातली?

‘पण आपण मारीत तर नाहीं!’ हें आमचें शेवटचें आणि सर्वांत लाडकें उत्तर. मारीत नाहीं हें खरें. पण कां मारीत नाहीं? दयेनें नव्हे, कायद्यानें. दख्खनच्या माळांवर चिंकारा व काळवीट यांचे कळप होते. कोल्हापूर दरबार पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार खेळत असे. साहेबांमागून संस्थानिक, आणि स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या व झगझगीत दिवे घेऊन रात्रीं निघणारे हौशी लोक, अशा सर्वांनीं मिळून ते कळप विरळ केले. १९५१ सालीं मुंबई राज्यानें व १९७२ सालीं केंद्र सरकारनें वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचे कायदे केले तेव्हां बंदुका खालीं आल्या. कायदा उत्तम झाला. तो टिकला पाहिजे. आमच्याकडे शिकार पुन्हां खुली करावी असें कोणी म्हणेल तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन, कारण येथें हरणें थोडीं आणि चोरवाटा फार आहेत. परंतु कायद्यानें लादलेला संयम हा आपला सद्गुण म्हणून मिरवणें योग्य नव्हे.

आणि बंदूक खालीं ठेवल्यानें हरिण वांचलें काय? बारामती तालुक्यांतील मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठीं १९९७ सालीं झालें. त्याचें क्षेत्रफळ सुमारें पांच चौरस किलोमीटर. कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठीं १९८० सालीं झालें. तें सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाहीं. हरिण मात्र कुंपणाच्या आंत राहून जगणारा प्राणी नव्हे. त्याला भोंवतालचा मोकळा माळ लागतो. तो माळ आम्ही शहरवाले ‘पडीक’ म्हणतों. कारखाना घालावयाचा तर पडीक जमिनींत, रस्ता काढावयाचा तर पडीक जमिनींतून. आणि पुण्य करावयाचें झालें तर झाडें लावावयाचीं तीही त्याच पडीक जमिनींत. आमच्या चाळीच्या मंडळानें मागें वर्गणी काढून नगरकडील एका माळावर झाडें लावलीं, दादांनीं अध्यक्ष या नात्यानें पहिला खड्डा खणला, आणि आम्ही सर्वजण कृतार्थ होऊन रात्रीच्या गाडीनें परतलों. गवताच्या माळावर दाट झाडी लावली तर खालचें गवत मरतें, आणि उघड्या रानांत दूरवर पाहून पळणाऱ्या चिंकाऱ्याला तें रान परकें होतें, हें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं. ज्ञानावांचून केलेली दया कशी उलटते याचा दाखला त्याच आरिझोनांत आहे. तेथील कैबाब पठारावर १९०६ नंतर हरणांची शिकार बंद करून त्यांचे शत्रु असलेले लांडगे व सिंहासारखे प्यूमा मारण्यांत आले. हरणें वाढलीं, त्यांनीं रान ओरबाडून खाल्लें, आणि पुढल्या वीस वर्षांच्या आंत तीं हिंवाळ्यांत उपासानें मरूं लागलीं.

शाकाहारी वाचकांना मघां धीर धरावयास सांगितलें तें यासाठीं. ताटांत मांस नसलें म्हणून माळ वांचत नाहीं. आणि जीं थोडीं हरणें उरलीं आहेत त्यांना आज खावूं कोण घालतें? कर्जतचा, करमाळ्याचा कोरडवाहू शेतकरी. त्याच्या ज्वारींत, हरभऱ्यांत तीं रात्रीं उतरतात. सरकारी भरपाईची योजना आहे. पण पंचनामा, अर्ज, फेऱ्या यांत ज्याची मजुरी बुडते त्याला ती भरपाई कशी पुरावी? म्हणजे हिशेब असा झाला : हरणाविषयींचें प्रेम आमचें, हरणाचा खर्च त्याचा.

गिरगांवाची हवाच अशी, असें मात्र कोणी म्हणूं नये. याच वस्तींतल्या मंडळींनीं दयेची आणि ज्ञानाची किंमत मोजलेली आहे. १८३२ सालीं कंपनी सरकारनें रस्त्यांतलीं कुत्रीं मारण्याचा सपाटा लावला, त्यावरून दंगा उसळला, आणि १८३४ सालीं आमच्या हांकेच्या अंतरावर पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांनीं त्यासाठीं पदरचे पैसे ओतले. १८८३ सालीं आठ गृहस्थांनीं निसर्गेतिहासाची सोसायटी स्थापिली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी वैद्य होते. आणि खेतवाडींतल्या एका शिकारी मामाच्या घरीं वाढलेल्या सालिम अली नांवाच्या पोरक्या मुलानें छऱ्यांच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली; तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनीं त्याला राक्षस म्हटलें नाहीं. त्यांनीं त्याला चिमणीसह त्या सोसायटीकडे धाडलें. १९०८ सालीं तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं मुलाला कपाटांत मांडलेले पक्षी दाखविले. भारतांतील पक्ष्यांची ओळख ज्यानें पुढें साऱ्या देशाला करून दिली आणि त्यांच्या रानांसाठीं जो म्हातारपणींही झगडला, तो माणूस त्या भेटींतून घडला. खेतवाडींत त्या दिवशीं दादांसारखा एखादा वडील घरीं असता तर काय झालें असतें, याचा विचार दादांनींच करावा.

शिकारीनें प्रत्येक मुलगा सालिम अली होतो असें मी म्हणत नाहीं; बहुतेक नुसते शिकारीच राहतात. पण रडणाऱ्या मुलाला दार लावून घेतल्यानें कोणीच कांहीं होत नाहीं. त्याला दोन गोष्टी विचारण्यासारख्या होत्या : तें हरिण काय खात होतें? त्या डोंगरांत पाणी कोठें आहे? आमच्या घरीं कोणींच त्या विचारल्या नाहींत; पापपुण्याचा निकाल तेवढा त्वरेनें लागला.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मुंज ठरल्या दिवशीं, ठरल्या घरीं व्हावी. मुंजीच्या जेवणावळींतून एक पदार्थ कमी करावा आणि ते पैसे माळ राखणाऱ्या कोणत्याही प्रामाणिक कामाला, किंवा हरणांनीं ज्याचा हरभरा खाल्ला अशा एखाद्या शेतकऱ्याला द्यावे. मुंजीनंतर मुलाला घेऊन दादांनीं मयूरेश्वरास जावें, पहांटे गाडींतून उतरावें, आणि जिवंत चिंकारा माळावरून कसा जातो तें आजोबा-नातवांनीं मिळून पाहावें. मुंबईचीं दहांतलीं नऊ घरें राणीच्या बागेंतल्या कुंपणापलीकडलें हरिणच तेवढें ओळखतात. चाळीच्या मंडळानें पुढची वर्गणी काढण्यापूर्वीं माळ म्हणजे काय तें एखाद्या जाणत्याकडून समजून घ्यावें. एवढें करून झाल्यावर मग आम्हीं शिकारीचा निषेध करावा. तो मीही करीन, आणि माझ्या पुतण्यालाही तो ऐकून घ्यावा लागेल.

हें करावयाचें नसेल तर निदान सारखा न्याय तरी असूं द्यावा. मारणारा हात घरांत नको असेल तर मारलेल्याचें कातडेंही घरांत नको. भटजींची यादी अजून देवघराच्या कोनाड्यांत आहे. तींतील मृगाजिनाची ओळ दादांनीं खोडावी, पेटींतला तुकडा बाहेर काढावा, आणि मग मुलाला नाहीं म्हणावें. त्या रविवारपासून मी वाट पाहत आहें. ओळ अजून तशीच आहे.